मालकाच्या तोंडाचा साचा

माणसांना रडवायची मालकाला भारी हौस. हौस कसली, धंदाच होता त्याचा. जुन्या गोदामात त्याने नऊ खोल्यांचं भीतीघर थाटलं होतं, आणि ते साधंसुधं नव्हे. आत जाणाऱ्याला आधी चार पानी फॉर्मवर सही करावी लागे: मला बांधलं, कोंडलं, अंगावर किडे सोडले, तरी माझी काही तक्रार नाही. बाहेर पडायचं असेल तर एकच शब्द, 'सुटका'. तो उच्चारला की दिवे लागतील आणि दार उघडेल, असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं.

भिंतीवरचं ते पाहुण्यांसाठी. कामावरच्या लोकांना मालक वेगळंच शिकवायचा. "पहिली सुटका खोटी असते," तो म्हणायचा. "दुसरी लाडाची. तिसरीनंतर माणूस कुठे खरा घाबरायला लागतो. कॅमेरा चालू ठेवायचा आणि आपलं काम करायचं."

दोघी बहिणींतली धाकटी एकदा तिथे गेली होती, तिने एकतीस वेळा सुटका म्हटलं होतं. मालकाने त्याचा व्हिडिओ जगजाहीर केला होता, म्हणून थोरलीला तो आकडा माहीत. शेवटच्या खोलीत मालक स्वतः डॉक्टर होऊन बसे. त्याने धाकटीला एका पेटीत झोपवलं, झाकण लावलं आणि अकरा मिनिटं तो त्या झाकणावर बसून राहिला. मैत्रिणींच्या नादाने गेलेली मुलगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, तोंडाळ, दिवसभर कुणाची ना कुणाची नक्कल करणारी. परत आली ती घराबाहेर पडेनाशी झाली. घरातली सगळी दारं बिजागऱ्यांपासून काढावी लागली, न्हाणीघराला नुसता पडदा उरला. चौदा महिने तिने उंबरा ओलांडला नव्हता. तक्रार केली, तर पोलिसांनी तो फॉर्मच पुढे सरकवला. सही तुमच्याच बहिणीची ना? मग झालं तर.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती आदळआपट करणाऱ्यांतली नव्हती. नाटकवाल्यांचे चेहरे रंगवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. भीतीघराला रंगभूषेची बाई हवी आहे असं कळलं, तशी ती सरळ गेली आणि काम मिळवून बसली. सासरचं आडनाव उपयोगी पडायची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

आठ महिने ती रोज त्या माणसाचं तोंड रंगवत होती. ज्या तोंडावर थुंकायचं, त्याला स्पंज लावायचा. पण हातांना कळत जातं. मालक दोन्ही डोळे एकदम कधी मिटत नसे. डावा रंगवताना उजवा उघडा ठेवी. ओला स्पंज नाकाजवळ आला की मान मागे घेई आणि वर काहीतरी पाचकळ विनोद करी. थोरलीही हसायची. मनात म्हणायची, सापडलास.

भीतीघराला दहा वर्षं होत आली, तेव्हा मालकाच्या डोक्यात आलं की दारातच आपला हुबेहूब पुतळा हवा. डॉक्टर खुर्चीत बसलाय, खुर्चीचे दांडे हातांनी घट्ट धरलेत, असा. चेहऱ्याचा साचा घ्यायचं थोरलीने सुचवलं, तर तो टाळाटाळ करू लागला. आज वेळ नाही, उद्या सर्दी आहे. मग एका दुपारी सगळे चहाला जमलेले असताना तिने सहज विषय काढला.

"सर, राहू दे तो साचा. मी फोटोवरून करीन काहीतरी. पुष्कळांना नाही जमत ते."

"पुष्कळांना?" मालकाने कप खाली ठेवला. "मी पुष्कळांतला आहे का?"

"नाही, पण वीस मिनिटं डोळे न् तोंड बंद राहतं. उगाच त्रास."

पाचव्या खोलीत प्रेत होऊन पडणारा एक जाडा होता, त्याला सगळे मढं म्हणत. पाहुणे असतानाही तो घोरायचा. तो फिस्सकन हसला. झालं, मालक पेटला. त्याच दिवशी, आत्ताच्या आत्ता, आणि हातांचाही साचा हवा म्हणाला. मढ्याने गंमत म्हणून फॉर्म आणला, त्यावर मालकाने ऐटीत सही ठोकली. बोलता येणार नाही, तेव्हा थांबायचं असलं की टाच आपटायची, असं ठरलं.

थोरलीने त्याच्या भुवयांना, पापण्यांना व्हॅसलीन लावलं. आधी हात घेतले. दांडे धरलेल्या मुठींवर दांड्यासकट प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्या दगडासारख्या घट्ट होऊ दिल्या. मग दातांचा साचा घेतात तसली पावडर कालवून ती चेहऱ्यावर थापली. कपाळ, गाल, डोळे, तोंड. नाकपुड्या तिने व्यवस्थित मोकळ्या ठेवल्या. त्याला मारायचं नव्हतं. मेलेल्या माणसाला कसली भीती वाटणार?

दुसऱ्याच मिनिटाला टाच आपटली.

"पहिली खोटी," थोरली म्हणाली. सगळे हसले.

टाच पुन्हा आपटली. "ही लाडाची," मढं म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला. मालकाचेच धडे त्यांनी पाठ केले होते. टाच धडाधड आपटू लागली. खुर्ची हलत होती, मुठी जागच्या हलत नव्हत्या. थोरली चेहऱ्यावरच्या लगद्यावर पट्ट्यांचा थर शांतपणे लावत होती. तिची नजर घड्याळावर होती आणि जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं. ते लपवायची तिला गरजही वाटली नाही.

सहाव्या मिनिटाला हसणं थांबलं. मालकाच्या पँटवर ओला डाग पसरत होता.

"ताई, हे खरं वाटतंय," मढं म्हणालं.

"पेटीतली मुलगी खोटी वाटली होती का रे तुला?"

मढ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. बाकीच्यांपैकीही कुणी पुढे झालं नाही. अकरा मिनिटं झाली तेव्हा तिने कडेने बोटं घालून साचा सोडवला. आतून निघालेला चेहरा लाल, लाळेने बरबटलेला होता. मालक लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"मी... थांब म्हणत होतो."

"ऐकलं ना," थोरली म्हणाली. "माझी बहीणही म्हणत होती. एकतीस वेळा. पोलिसांत जायचं तर जा, सही आहे तुमची." त्याच्या हातांवरचं प्लॅस्टर कापून काढायचं तिने मढ्यावर सोपवलं, ब्रश पिशवीत भरले, साचा टॉवेलात गुंडाळला आणि ती निघाली.

घरी धाकटी खिडकीशी बसून मटार सोलत होती. थोरलीने तिच्यासमोर साचा ठेवला आणि सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. टाच, पँट, हुंदके, एकही गोष्ट गाळली नाही. सांगता सांगता ती स्वतःच रडू लागली. आठ महिन्यांचं साठलेलं होतं ते.

धाकटीने साच्यात डोकावून पाहिलं. घट्ट आवळलेल्या पापण्यांच्या रेषा, वाकडं झालेलं तोंड, सगळं त्यात उमटलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"आठ महिने तू तिथे जात होतीस?"

"हो. नाटकाचं काम आहे म्हणून सांगायचे तुला."

"आणि मला का नाही नेलंस?"

"तू बाहेर पडत नाहीस, बाळा. मला वाटलं..."

"यासाठी पडले असते," धाकटी म्हणाली. तिने साचा बहिणीकडे परत सरकवला आणि मटाराचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.