सोडतीतली जोडी

"टोपीतून चिठ्ठ्या काढणं पुरे झालं आता," हॅरॉल्ड म्हणाला. "आठ-आठ वर्षं नाव निघत नाही माणसाचं. परवाना खुला करा. ज्याला जायचंय त्यानं जावं, ज्याच्याबरोबर जायचंय त्याच्याबरोबर जावं."

क्लबच्या खोलीत टेबलं वाजली. मागच्या बाकावर एलिजा थळकर रायफलची नळी पुसत होता, तो थांबला.

कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्याच्या कामगारांचा हा रायफल क्लब. वेल्समधल्या एका डोंगरावर रानटी मेंढे होते. मेंढे कुणाचेच नव्हते, पण डोंगराला मालक होता. या देशात डोंगरालाही असतो. हा मालक दर ऑक्टोबरात क्लबला बारा मेंढे मारू द्यायचा. सभासद चाळीस, मेंढे बारा, म्हणून सोडत. नावं ज्या क्रमानं निघत त्या क्रमानं दोघादोघांची जोडी लागे, आणि जोडीनं पाच दिवस डोंगरावरच्या झोपडीत राहायचं. जोडीदार निवडायची मुभा नव्हती. एलिजाला सोडत हवी होती ती नेमकी ह्यासाठी. मेंढा गेला खड्ड्यात.

साल १९७१. एलिजा चोपन्न वर्षांचा, ग्राइंडिंग शॉपमध्ये कामाला, नऊ वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत. अलिबागकडची त्याची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, माणसं एकेक करून इस्रायलला गेली, हा कामापाठी इकडे आला. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तर कुणी लक्ष घातलं नाही. दर गुरुवारी तो क्लबच्या सगळ्या रायफली फुकट साफ करायचा. लोक त्याला "गुड ओल्ड एलाय" म्हणायचे आणि पबला निघताना बोलवायला विसरायचे.

सदुसष्ट साली मात्र त्याचं नाव निघालं आणि त्याच्या पाठोपाठ पद्माकर परबचं. पद्माकर मालवणकडचा, असेंब्ली लाइनवरचा. कारखान्यात मराठी बोलणारे एवढे दोघेच, पण शिफ्ट वेगळ्या, वस्ती वेगळी, आणि पद्माकरला बायको-मुलं. भेट व्हायची ती गेटवर, तीही घाईत. त्या झोपडीत पाच दिवस पाऊस लागला आणि पाच दिवस एलिजा मराठी बोलला.

"कोळंबी न खाता जन्म काढलास?" पद्माकर स्टोव्हला पंप मारत म्हणाला होता. "तुझा देव फारच कडक रे बाबा."

"तुझे तेहेतीस कोटी. एक नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारतोस."

हसून हसून पद्माकरच्या हातून चहा सांडला होता. शेवटच्या दिवशी दोघांनी एकेक मेंढा मारला. गोळीनं मेलेलं एलिजाला चालत नाही, म्हणून दोन्ही मेंढे पद्माकरच्या घरी गेले.

आता एलिजा उभा राहिला. नऊ वर्षांत सभेत पहिल्यांदा.

"परवाना खुला केलात तर पहिल्या शनिवारी काय होईल?" त्यानं विचारलं. "ज्याच्याकडे मोटार आहे तो आधी पोचेल. एका सकाळी बारा मेंढे संपतील. घाईत कुणी वय बघणार नाही, शिंगं दिसली की गोळी. म्हातारा मेंढा मारायचा, तरणा ठेवायचा, हे सोडतीत जमतं, कारण पाच दिवस हाताशी असतात. आणि बसनं जाणाऱ्यालाही तेवढाच हक्क मिळतो."

बोलणं पटण्यासारखं होतं. दोन-चार माना हलल्या. एकजण म्हणालासुद्धा, "एलाय बरोबर बोलतोय."

मग हॅरॉल्डनं गोड आवाजात विचारलं, "एलाय, मागच्या वेळी तुझ्या मेंढ्याचं काय केलंस?" सभ्य माणसं सुरी चालवताना आधी प्रश्न विचारतात.

इथं एलिजानं खोटं बोलायला हवं होतं. पण त्याला वाटलं, हा तर आपल्याच बाजूचा मुद्दा. "जोडीदाराला दिला," तो म्हणाला. "आम्ही शिकारीचं मांस खात नाही. धर्मात बसत नाही. म्हणजे माझ्याबरोबर जो येईल त्याला दुप्पट."

खोली हसली.

"ऐका!" हॅरॉल्ड म्हणाला. "माझ्या घरी खाणारी पाच तोंडं, माझं नाव सात वर्षं टोपीत पडून आहे, आणि हा गृहस्थ मेंढा खातच नाही!"

संपलं. वय, शिंगं, हक्क, सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. हात वर झाले. पद्माकरनं आधी हॅरॉल्डकडे पाहिलं. हॅरॉल्ड त्याचा फोरमन. मग त्यानं हात खांद्यापर्यंत उचलला. अर्धा हात. अर्धा हातही मोजतात. बावीस विरुद्ध चौदा.

दुसऱ्या दिवशी पद्माकर कँटीनमध्ये स्वतःहून येऊन बसला.

"रागावलास?"

"नाही."

"अरे, हॅरॉल्डनं मला त्यांच्या ग्रुपमध्ये बोलावलंय. ओव्हरटाइम त्याच्या हातात, प्रमोशन त्याच्या हातात. नाही कसं म्हणू? तुलाही घेतलं असतं रे, पण गाडीत चारच सीट."

"बरोबर आहे."

"आणि तुला कशाला हवाय मेंढा? तू खात तर नाहीस."

"खायला कोण जातं?"

"मग कशाला जातोस?"

एलिजानं चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. "हवा चांगली असते," तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवारी तीन मोटारी गेल्या आणि सात मेंढे घेऊन आल्या. त्यातले चार तरणे होते. ह्यावर क्लबात कुणी बोललं नाही. एलिजानं परवाना काढला होता. काढला नसता तर हॅरॉल्ड खरा ठरला असता. दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून तो ट्रेननं आणि मग बसनं एकटाच गेला.

गेटवरच्या म्हाताऱ्या रखवालदारानं त्याला नंबराचा पितळी बिल्ला दिला. मारलेल्या मेंढ्याच्या शिंगाला बांधायचा.

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग खाली आणणार कसा? तीन मैल चिखल आहे. वर टाकून यायचं नाही, नियम आहे."

"बघतो."

पाऊस नव्हता. वर पोचल्यावर खडकाच्या आडोशाला बसून त्यानं डबा उघडला. "मीठ कमी पडलं," तो मोठ्यानं म्हणाला. मग आपलाच आवाज ऐकून त्यानं डबा बंद केला.

दुपारी मेंढा आला. म्हातारा, एक शिंग तुटलेला, मारायलाच हवा असा. ऐंशी यार्डांवर आडवा उभा राहिला. एलिजानं नेम धरला. गोळी चुकली नसती. पण खांदे दोनच होते, आणि दोन्ही त्याचेच. मारलेला मेंढा द्यायचा कुणाला, हेही त्याला सुचेना. त्यानं काडतूस काढून खिशात टाकलं. मेंढा बराच वेळ चरत राहिला.

चारच्या सुमाराला तो गेटवर परत आला आणि बिल्ला टेबलावर ठेवला.

"काय झालं?" रखवालदारानं विचारलं. बिल्ला वापरला नाही तर कारण लिहावं लागे.

"मेंढे दिसले नाहीत."

खिडकीबाहेर, समोरच्या उतारावर, उन्हात नऊ मेंढे उभे होते. रखवालदारानं एकदा तिकडे पाहिलं, एकदा एलिजाकडे, आणि त्यानं सांगितलं तसंच लिहून घेतलं.