पहिल्या रांगेतला निळा शर्ट

माणसाची खरी परीक्षा संकटात होत नाही की सत्तेत होत नाही. ती दोन दिवसांच्या प्रवासाची बॅग भरताना होते, असा दादांचा सिद्धान्त होता. हा सिद्धान्त ते बहुधा पलंगाखाली डोकं घालून दुसरा मोजा शोधताना मांडत.

दादा कार्यक्रमांच्या धंद्यात होते. परिषदा, उद्घाटनं, बक्षीस समारंभ. जिथे म्हणून माणसं ओळीनं बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवतात, तिथल्या खुर्च्यांपासून टाळ्यांपर्यंतचं मधलं सगळं त्यांच्याकडे. या धंद्यात सगळेच एकमेकांना दादा म्हणतात, कारण आज या गावात, उद्या त्या गावात, नावं लक्षात ठेवायला सवड कोणाला आहे? कुठल्याही हॉलमध्ये कुणी ‘दादा’ अशी हाक मारली की आठदहा माना वळत, त्यांत एक यांची असे. घरी आई आणि बायको त्यांना नावानं हाक मारत. बायको फक्त टोमणा मारायचा असला की ‘दादा’ म्हणे. त्यामुळे घरातही ते नाव चांगलंच रुळलं होतं.

दादांची बॅग पूर्ण रिकामी झाल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. ती दाराच्या मागे उभी असे, राखणीला ठेवल्यासारखी. आत काळे टीशर्ट, काळ्या पँटी, काळे मोजे. पडद्यामागच्या माणसांनी काळं घालायचं, म्हणजे पुढच्यांना ती दिसत नाहीत, हा धंद्याचा नियम. दादा न दिसण्याचाच पगार घेत आणि या कामात ते इतके तयार झाले होते की लग्नाच्या फोटोतही ते सापडायला वेळ लागे. कपड्यांखेरीज बॅगेत टॉर्च, सेल, कात्री, दोरी, वायरी बांधायच्या पट्ट्या, सेफ्टी पिना आणि काळ्या चिकटपट्टीचं जाडजूड रीळ. या पट्टीनं दादांनी आजवर फाटलेले गालिचे, मोडलेल्या खुर्च्या आणि एकदा एका प्रमुख पाहुण्यांच्या बुटाचा तळवा चिकटवला होता.

“ही कामाला जाणाऱ्याची बॅग नाही, चोराची आहे,” आई म्हणे. “पकडला गेलास तर मला फोन करू नकोस.”

पण या वेळचा प्रवास दादांच्या कामाचा नव्हता. तो बायकोच्या कामाचा होता.

बायको दातांची डॉक्टर. दिवसभर ती अखंड बोले, कारण समोरच्याचं तोंड उघडं असे आणि त्यात बहुतेक वेळा तिचा हात असे. उलट उत्तर येण्याची भीती नाही, असा श्रोता तिला वर्षानुवर्षं मिळत आला होता. आता दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत तिला पहिल्यांदाच भाषण करायचं होतं. हॉलभर माणसं, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. या कल्पनेनंच तिची झोप उडाली होती. त्यात आणखी अडचण अशी की कागद वाचायचा म्हणजे जवळचा चष्मा लावायचा, आणि तो लावला की लांबचं सगळं पुसून जाई. समोर नुसते गडद ठिपके दिसणार. त्यांतला नवरा कुठला, हे कळायला काहीतरी खूण हवी.

म्हणून तिनं एक शर्ट आणला. निळा. असा निळा, की तो पाकिटात असतानाही खोलीत कुणी आल्यासारखं वाटावं.

“पहिल्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची,” आदल्या दिवशी निघताना तिनं बजावलं. परिषदेच्या बैठकांसाठी तिला आधी पोहोचायचं होतं. “हा शर्ट घालायचा आणि बसायचं. वायरींना हात लावायचा नाही, खुर्च्या सरळ करायच्या नाहीत. तू पाहुणा आहेस. मला निळं दिसलं की मी बोलेन. नाही दिसलं तर खाली उतरेन आणि सरळ घरी येईन.”

ती गंमत करत नव्हती. दाताची मुळं काढणाऱ्या बाईच्या आवाजात कंप दादांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि त्यांनी शब्द दिला.

शब्द पाळायचा म्हणजे बॅग पाहुण्याची हवी. दादांनी सगळं सामान पलंगावर ओतलं आणि एक टूथब्रश, एक टॉवेल, एक शर्टाचं पाकीट एवढंच आत ठेवलं. बॅग अशी काही पोट खपाटीला गेल्यासारखी दिसू लागली की दादांना तिची दया आली. टॉर्च असू दे, वीज काय सांगून जाते? टॉर्च आला म्हणजे सेल आले. कात्री कुणाचं काय बिघडवते? असं करत करत एकेक वस्तू माहेरी आल्यासारखी आपापल्या कप्प्यात जाऊन बसली. शेवटी पलंगावर राहिलं फक्त चिकटपट्टीचं रीळ. दादांनी ते उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. दारात आई उभी होती.

“ते राहू दे की,” आई म्हणाली. “तेवढी तरी बायकोची लाज राख.”

दादांनी रीळ कपाटात ठेवलं. मोठ्या त्यागाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. मग ते काळा टीशर्ट घालून निघाले.

“शर्ट अंगात घालूनच जा ना.”

“बसमध्ये चुरगळेल. तिथे गेल्यावर बदलेन.”

“अंगावर घातलं की चुरगळतंच,” आई म्हणाली. “त्यालाच कपडे म्हणतात.”

दादा हॉलवर वेळेत पोहोचले. कपडे बदलायची खोली स्टेजच्या पलीकडे होती. तिकडे जाताना त्यांनी वाटेतल्या दोन खुर्च्या पायानं सरळ केल्या, पण त्या हातानं केल्या नसल्यामुळे धरल्या नाहीत. तेवढ्यात मागून हाक आली, “ओ दादा!”

मान वळली. तिथेच घोडं अडलं.

हाक मारणारा हॉलचा व्यवस्थापक होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हातात वॉकीटॉकी. साउंडचा दुसरा माणूस आलाच नव्हता आणि पोडियमचा माइक मधेच मुका होत होता. दादांनी सभ्यपणे सांगितलं की आपण पाहुणे आहोत. व्यवस्थापकानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं: काळे बूट, काळी पँट, काळा टीशर्ट, बॅगेच्या बाहेरच्या खिशातून डोकावणारा टॉर्च.

“आम्ही सगळेच इथे पाहुणे आहोत,” तो म्हणाला. “आधी ती वायर बघा. पुढचं भाषण एका बाईंचं आहे, पहिलंच आहे म्हणे. त्यांच्याच वेळी माइक गेला तर बरं दिसणार नाही.”

त्या बाई म्हणजे आपलीच बायको, हे दादांनी ओळखलं. बसावं तर माइक जाणार, माइक धरावा तर खुर्ची रिकामी. त्यांनी धंद्यातल्या माणसाला सुचेल तेच केलं. त्यांच्या जगात खुर्ची ही माणसाची नसते, तिच्यावर ठेवलेल्या वस्तूची असते. ते धावत पहिल्या रांगेत गेले, पाकीट फोडलं, टाचण्या उपटल्या, निळा शर्ट खुर्चीच्या पाठीला नीट घातला आणि वरचं बटण लावलं.

“आलोच,” ते शर्टाला म्हणाले, आणि पडद्यामागे गेले.

रोग साधा होता. पोडियमच्या मागे दोन वायरींचा जोड सैल झाला होता. दोन बोटांनी दाबून धरला की आवाज येई, सोडला की जाई. वर चिकटपट्टीचा एक वेढा दिला असता तर मिटलं असतं. दादांचा हात आपोआप बॅगेच्या डाव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. रीळ घरी, कपाटात, बायकोची लाज राखत बसलं होतं. साउंडवाल्याकडे पट्टी होती, पण तो बसला होता हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि दिवे मंद झाले होते. निवेदिकेनं बायकोचं नाव पुकारलं. दादा गुडघ्यांवर बसले आणि दोन बोटांनी जोड धरून ठेवला.

तिथून त्यांना बायकोच्या चपला दिसत होत्या, आणि पडद्याच्या फटीतून पहिली रांग. बायकोनं चष्मा लावला. पहिली दोन वाक्यं तिनं अशी म्हटली की जणू तिचीच दाढ दुखतेय. मग ती थांबली. मान वर झाली, डावीकडून उजवीकडे फिरली आणि वाटेच्या कडेला येऊन स्थिरावली.

शर्ट ताठ बसला होता. शेजारचे वयस्कर डॉक्टर त्याची बाही चेंगरू नये म्हणून जरा सरकून बसले होते.

त्यानंतर बायको जी सुटली ती सुटलीच. लहान मुलांच्या भीतीवर बोलत होती. मुलाला दातांच्या खुर्चीची भीती नसते, तिच्यात एकट्यानं बसायची असते; कुणी हात धरायला असलं की अर्धं काम झालं, असं ती म्हणाली. लोक हसले, मग गप्प झाले, मग पुन्हा हसले. प्रत्येक विनोदानंतर ती शर्टाकडे बघे. शर्ट हसत नव्हता, पण जांभईही देत नव्हता, आणि नवऱ्याच्या मानानं हे पुष्कळ होतं. दादांनी आजवर हजारो भाषणं उभी केली होती, पण एकही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. हे ऐकलं, कारण हलायची सोय नव्हती. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या.

टाळ्या थांबल्यावर व्यवस्थापकानं पाठ थोपटून त्यांना बसवून चहा पाजला. त्यातून सुटून ते पहिल्या रांगेपाशी आले, तर खुर्चीवर शर्ट नव्हता.

बायको दाराशी उभी होती. चेहरा फुललेला.

“छान बसला होतास,” ती म्हणाली. “एकदाही फोन काढला नाहीस.”

“ऐकत होतो,” दादा म्हणाले. हे खरं होतं, म्हणून ते जरा जास्तच ठासून म्हणाले.

“शर्ट लगेच बदललास?”

“उकडत होतं.”

हॉलमध्ये एसी असा होता की लोक हात चोळत होते. बायकोनं नुसती मान डोलावली. परतीच्या बसमध्ये दादांनी खरं सांगायचं म्हणून निरनिराळ्या पद्धतीनं घसा खाकरला. बायकोनं त्यांना खोकल्याची गोळी दिली.

घरी आल्याआल्या आईनं विचारलं, काय झालं?

“झकास झालं. हा अगदी पहिल्या रांगेत होता,” बायको म्हणाली. तिनं स्वतःची बॅग उघडली, निळा शर्ट काढला आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला घातला. वरचं बटणही लावलं. “हा.”

आईनं शर्टाकडे पाहिलं, मग मुलाकडे. “तुझ्यापेक्षा ताठ बसतो,” ती म्हणाली.

मग दादांनी सगळं ओकून टाकलं: हाक, माइक, सैल जोड, कपाटातलं रीळ, दोन बोटं. पुरावा म्हणून बोटं दाखवलीही. बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, जशी ती दाढ बघते.

“चष्मा बदलून खाली उतरले आणि आधी तुझ्याकडेच आले,” ती म्हणाली. “तेव्हाच कळलं. भाषण तरी ऐकलंस का, दादा?”

“मुलाला खुर्चीची भीती नसते,” दादा म्हणाले, “तिच्यात एकट्यानं बसायची असते.”

बायकोनं बोटं अजून सोडली नव्हती.

“पुढच्या महिन्यात आणखी एक भाषण आहे,” ती म्हणाली. “शर्ट येणारच आहे. तूही ये, जमलं तर. आणि ते रीळ बरोबर घे.”

दादा उठले, कपाटातलं रीळ आणून बॅगेच्या डाव्या खिशात ठेवलं आणि शर्टाची घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना, म्हणून त्यांनी कॉलर उलटून पाहिली.

आतला पुठ्ठा अजून कुणी काढलेला नव्हता.