बंद करू नये

बंद

जिन्याच्या वळणावर माझ्या मशीनची घरघर ऐकू यायला हवी होती. आली नाही.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पिशवीत पुठ्ठ्याचे रिकामे डबे होते. उद्या मेट्रनबाईंचा निरोपसमारंभ. वॉर्डातल्या पोरींनी फोन करून सांगितलं होतं, "सिस्टर, विकतचं नको. तुमचंच चॉकलेट हवं."

वर आमच्या दारामागे कुणाची तरी घाईची पावलं वाजली. मग आवाज आला. घरघर नव्हे, कण्हणं. वॉर्डात आयुष्य काढलंय मी, कण्हणं मला दाराबाहेरूनच कळतं. दारात पोचेपर्यंत तेही थांबलं.

हॉलमध्ये भावाचे साहेब चहा घेत होते. भाऊ हात रुमालाला पुसत स्वयंपाकघरातून आला.

"ही माझी मोठी बहीण. नर्स होती. आता घरी चॉकलेट करते, विरंगुळा म्हणून."

साहेबांच्या बशीत माझ्या मागच्या खेपेचा तुकडा होता. त्यांनी तो तोंडात टाकला, मान डोलावली.

"वा. अगदी विकतच्यासारखं झालंय."

भावाचा चेहरा खुलला. मी आत गेले.

चालू

कोकोच्या बिया निवडायच्या, बुरशीच्या, भोक पडलेल्या, चपट्या बाजूला काढायच्या, मग ओव्हनमध्ये भाजायच्या, आधी व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि वहिनी नाक मुरडते, मग तोच वास पालटतो आणि शेजारीण विचारते केक करताय का, मग लाटण्याने फोडून टरफलं ड्रायरच्या वाऱ्याने उडवायची, हा ड्रायर मी केसांसाठी घेतला होता, केस गेले, ड्रायर राहिला, टरफलं गॅलरीभर होतात आणि भाऊ म्हणतो ताई हे घर आहे की गिरणी, मग उरलेले काळे तुकडे ग्राइंडरमध्ये, आत दोन दगड, खाली एक पट्टा, एक मोटर, आणि ती साखरेसकट दोन दिवस दोन रात्री फिरत राहायला हवी, जिभेला कण लागेनासा होईपर्यंत, कारण थांबली की आतलं चॉकलेट थंड होतं आणि थंड झालं की दगडांसकट घट्ट बसतं, म्हणून मी बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली होती, वॉर्डातल्या यंत्रांवर लावायचो तशी, तिच्यावर लिहिलं होतं बंद करू नये, आणि तिकडे कुणाची, कितीही मोठा डॉक्टर असो नाहीतर कुणाचा साहेब असो, त्या पट्टीला हात लावायची

बंद

पट्टी जागेवर होती. तिरकी. मी पट्टी तिरकी लावत नाही.

बटण चालू. मोटर चटका बसेल इतकी गरम. रबर जळल्याचा वास. भांड्यात दगड रुतून बसलेले, चिखलात चाक रुतावं तसे.

साहेब जाईपर्यंत मी गप्प बसले. तेवढी रीत मला आहे.

"मशीन कुणी बंद केली?"

"बंद कुठाय? बटण बघ की, चालूच आहे."

"बटण चालू आहे. मशीन मेलीय."

"मग मोटर गेली असेल. मी हातसुद्धा लावला नाही."

"पट्टी काढून परत लावलीयस."

भाऊ वहिनीकडे बघायला लागला. वहिनी कप गोळा करायला लागली.

"हे बघ ताई, साहेबांना ऐकायला कमी येतं. त्यात ती घरघर. घरालाच घरघर लागल्यासारखं वाटतं. तासभर बंद ठेवली तर काय आभाळ कोसळलं? आणि तुझी चप्पल वाजली तशी लावली ना परत?"

"गोठल्यावर लावलीस. तिथेच जाळलीस."

"नवीन आणू. उद्याचं म्हणशील तर विकतचं भर त्या डब्यांत. कुणाला कळणार आहे?"

मी रात्रपाळी करून सकाळी याच घरात झोपायचे. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. याचा रेडिओ, मग याचा टीव्ही. भिंतीत खिळे ठोकले जायचे. उशी कानावर घेऊन मी झोपायचे आणि संध्याकाळी पुन्हा कामावर जायचे. माझ्यासाठी या घरात एक नळसुद्धा कुणी हळू सोडला नाही. आणि माझ्या एका आवाजाने याच्या घराला घरघर लागली.

हे सगळं मी त्याला म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "पाय वर घे."

चालू

भांडं उचलून मी हॉलमध्ये आणलं. सोफ्यापुढे फरशीवर फतकल मारून बसले. टीव्हीचा प्लग काढला, तिथे ड्रायरचा लावला.

"अगं, बातम्या चालल्यात."

मी ड्रायर सुरू केला. गरम पाण्याने लवकर झालं असतं, पण आत एक थेंब गेला तर सगळ्याचा गोळा होतो. कडा चकाकल्या, मग ओघळल्या. एक दगड हलला. दुसरा काढून ठेवला. भांडं पायांत धरलं आणि पहिला हाताने फिरवायला लागले. जड होता. मी याहून जड माणसं कुशीवर वळवली आहेत.

वहिनी शेजारी येऊन बसली. ड्रायर माझ्या हातातून घेतला.

"पट्टी मीच काढली, ताई. नखाने. यांना जमेना."

"त्याला कधीच जमली नाही. लहानपणी गुडघ्यावरचीही मीच काढायचे."

भाऊ सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता.

"हे किती वेळ चालणार?"

मी दगड फिरवत होते. वहिनीच म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. पातेलं ओट्यावर आहे."

थोड्या वेळाने ती उठून आत गेली. आली तेव्हा तिच्या बोटावर ती पट्टी होती.

"ही कुठे लावू?"

मी हात थांबवला नाही. तिने फिरत्या हाताचा अंदाज घेतला आणि सलाइनची सुई टोचतात तिथे पट्टी ठेवली. दोनदा निघालेली ती, चिकट उरली नव्हती. कडा उचलायला लागल्या. वहिनीने वर अंगठा दाबला आणि तसाच दाबून धरला.

माझ्या हाताबरोबर तिचाही हात फिरायला लागला.