पाटावरचं वजन

"मी बसते," असं मी म्हणाले तेव्हा आमच्या ह्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला नाही जमायचं."

"तुमच्या घरात इतकी वर्षं जमवलं," मी म्हणाले, "त्यापुढे हे काय मोठं."

ते हसले नाहीत. त्या वर्षात आमच्या घरात कोणी हसत नव्हतं, पण माझं तोंड काही गप्प बसत नाही, जन्माची खोड आहे ती. प्रश्न खरंच अडला होता. शर्यतीची गाडी विकायला काढली होती. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला गाडी वळणावर पळताना बघायची होती. म्हणजे त्याआधी ह्यांना ती एकदा पळवून बघायला हवी. आणि ही गाडी एकट्याने पळत नाही.

कशी असते ते सांगते. मोटरसायकल असते, तिच्या डाव्या अंगाला तिसरं चाक, आणि दोन्हींच्या मधे दाराच्या फळीएवढा सपाट पत्रा. आम्ही त्याला पाट म्हणतो. पाटावर सीट नाही, पट्टा नाही, धरायला नुसत्या मुठी. पुढचा गाडी चालवतो आणि पाटावरचा माणूस अंग झोकतो. डावं वळण आलं की डावीकडे बाहेर, कान रस्त्याला घासेल इतका. उजवं आलं की सरपटत जाऊन मागच्या चाकावर ओणवा. सरळ रस्त्यावर पालथं पडून राहायचं. त्याने अंग झोकलं नाही तर गाडी वळत नाही, उलटते. शहाणी माणसं असल्या गोष्टीपासून लांब राहतात. आमच्या घरात न राहणारी दोन होती, नवरा आणि भाऊ.

धाकटा माझा भाऊ. धंद्याने रंगारी. शिडीवर एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने छताची कड अशी ओढायचा की पट्टी लावायची गरज नाही. गावाने त्याचं नाव माकड ठेवलं आणि त्यानेही ते आनंदाने घेतलं. रंगाच्या डब्यांवर स्वतःची खूण म्हणून शेपटी काढायचा. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत आईबरोबर राहायचा, उभ्याउभ्या जेवायचा आणि अख्ख्या गल्लीची घरं रंगवायचा. आमच्या घराची पुढची भिंत मात्र खिडकीपर्यंत हिरवी आणि पुढे नुसतीच पांढरी. मी ओरडले की म्हणायचा, "ताई, घरचं काम आहे, कुठे पळून जातंय." ती भिंत अजून तशीच आहे.

ह्यांचं दुरुस्तीचं गॅरेज. शर्यत ह्यांच्या घरात वडिलांपासून. वर्षातून एक दिवस गावातले रस्ते बंद करायचे, खांबांना आणि कोपऱ्यांना गवताचे भारे बांधायचे आणि एरवी जिथून दूधवाला जातो तिथून जीव मुठीत धरून गाड्या पळवायच्या. हा खेळ आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणाच्याही आधीचा. सासरे दोनच नियम सांगायचे. चालवताना मागे बघायचं नाही. मागे बघितलं की पुढचं वळण चुकतं. आणि काही बिघडलं तर डावा हात उंच करायचा. मागून येणाऱ्यांची नजर पुढच्या गाडीवरच असते. हात दिसला की सगळे वेग सोडतात. लग्न होऊन आले तेव्हा चूल कुठे आहे हे कळायच्या आधी मला हे दोन नियम पाठ झाले होते.

गाडी विकायला काढली त्याच्या आदल्या वर्षी, शर्यतीच्या शेवटच्या फेरीत आमची गाडी पुढे होती. पिठाच्या गिरणीपाशी शेवटचं उजवं वळण, मग दुकानांमधून सरळ रस्ता आणि टोकाला शेवटची रेषा. गिरणीपाशी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणून घाईघाईत बुजवला होता. धाकटा चाकावरून पाटावर परत येत होता, एक मूठ सोडून दुसरी धरत होता, तेवढ्यात चाक त्या खड्ड्यावर आदळलं. तो पडला. फार लागलं नव्हतं. औषधांच्या दुकानाचा मालक वर गच्चीत उभा होता, त्याने बघितलं. पोरगा रस्त्यात उठून बसला आणि कोपर वळवून कितपत सोललंय ते बघत होता, असं त्याने सांगितलं. मागची गाडी वळणातून आली, तिने वेग सोडला नाही, कारण पुढे कोणाचा हात उंच नव्हता.

मी रेषेपाशी टॉवेल आणि पाण्याचा कॅन घेऊन उभी होते. मला आमची गाडी येताना दिसली. ह्यांचं डोकं खाली होतं. रेषा ओलांडली आणि ह्यांनी डावा हात उंच केला, जिंकल्यावर नेहमी करायचे तसा. मी पाटाकडे बघितलं. पत्र्यावर ऊन पडलं होतं. गाडी थांबवून, मान न वळवता, हे म्हणाले, "जिंकलो रे माकडा." हे तिथल्या सगळ्यांनी ऐकलं.

पुढे चौकशी झाली. शर्यतीच्या मंडळाचे तीन जण बसले. ह्यांनी सांगितलं, मला कळलंच नाही, इंजिनाचा आवाज, त्यात खड्डा. त्यांना ते पटलं, आणि का पटू नये? नियम असा आहे की रेषा दोघांनी मिळून ओलांडली तरच ती धरतात. पाट रिकामा असेल तर पहिला नंबर काय आणि शेवटचा काय, सगळं सारखंच. माहीत असून कोण पुढे जाईल? वेडा आहे का तो? शिवाय ते "जिंकलो रे" सगळ्यांच्या कानात होतं. लोक ह्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेले.

आईनेही मानलं. माझी आई, पोटचा गोळा गेलेली बाई, रोज सकाळी गॅरेजात चहाचा कप घेऊन जायची, ह्यांच्या हातात द्यायची आणि कपाभोवती त्यांची बोटं स्वतःच्या हाताने मिटवायची. म्हणायची, "घे बाबा. माझा मुलगा गेला तसा तुझाही हातच गेला." भाजी निवडताना मात्र मला विचारायची, दर दोन दिवसांनी एकदा, "त्याला कळलं नसेल ना गं?"

"कळलं असतं तर थांबले नसते का, आई?"

"हो, तेही खरंच."

ह्यांना रात्र रात्र झोप नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी ते दुःखावर घातलं. दुसरं काही मनात आणायची माझी हिंमत नव्हती.

तर मी बसते म्हणाले. गल्लीतलं दुसरं कोणी बसणार नव्हतं. गेलेल्याच्या जागेवर कोण अंग टाकतं? धाकट्याचा चामड्याचा पोशाख काढला. त्याच्या गुडघ्यांना मीच ठिगळं लावली होती. शाळेचे गणवेश शिवायच्या माझ्या मशीनवर चामडं शिवता शिवता किती सुया मोडल्या असतील. कमरेत मला घट्ट झाला. बाह्यांत अजून टर्पेंटाइनचा वास होता. मी तो अंगात घातला आणि आई दारात आली, बघून आत गेली.

रविवारी सकाळी रस्ते मोकळे होते. "घाबरू नकोस," हे म्हणाले. "मी हळू नेतो. डावीकडे बाहेर, उजवीकडे माझ्या मागे. एरवी पालथी पड. आणि मुठी सोडायच्या नाहीत, काही झालं तरी."

पहिल्या वळणाला मला आई आठवली, दुसऱ्याला सासऱ्यांचे दोन्ही नियम, तिसऱ्याला जरा जमलं. जमिनीपासून वीतभर अंतरावर तोंड आणि खालून रस्ता वाहतोय. ह्यात त्याला काय सुख मिळत होतं ते त्यालाच ठाऊक. मग सरळ रस्ता लागला. मी पालथी पडून होते. हेल्मेटच्या पट्ट्यापाशी केसांची बट तोंडात येत होती म्हणून मी एका हाताची मूठ सोडली आणि बट बाजूला केली.

"मूठ धर," हे ओरडले.

त्यांनी मान वळवली नव्हती. मला वाटलं, आरशात बघितलं असेल. पण शर्यतीच्या गाडीला आरसा नसतो.

मी मूठ धरली. थोड्या वेळाने एक पाय पाटाच्या कडेबाहेर सोडला, जेमतेम चपलेच्या लांबीइतका.

"पाय आत घे."

मी तिसऱ्यांदा करून बघितलं. छाती पत्र्यावरून उचलली, श्वास घ्यायला उचलावी एवढीच.

"काय झालं? उठू नकोस, पडून राहा."

मी त्यांच्या पाठीवर बुक्की मारली. एक नाही, हात दुखेपर्यंत मारल्या. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर गिरणी होती, शटर ओढलेलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"मी मूठ सोडली ते."

"हँडलमध्ये कळतं की. सगळं कळतं. तो नुसता शिंकला तरी मला..." आणि ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी ऐकलं. हेल्मेट काढायला हात वर नेले ते तसेच राहिले.

मग ते स्वतःच बोलायला लागले, हँडलकडे बघत.

"खड्डा लागला आणि हँडल हलकं झालं. मला वाटलं, आत सरकला असेल. मग कळलं की नाही सरकला."

"कधी कळलं?"

"लगेच."

"मग हात का नाही उंच केलात?"

"हात उंच केला असता तर ते खरं झालं असतं," ते म्हणाले. "मी मागे बघत नाही तोवर तो पाटावरच होता. मला तो तिथेच ठेवायचा होता. रेषेपर्यंत तरी. मग रेषा आली, तर नेहमी करतो तसं केलं. बोललो पण त्याच्याशी. वाटलं, उत्तर देईल."

"तो उठून बसला होता," मी म्हणाले.

"माहितीय."

"कोपर बघत होता."

"माहितीय गं."

त्या क्षणी पाना हातात असता तर मी तो त्यांच्या डोक्यात घातला असता, खोटं कशाला बोलू. हा माणूस जिंकण्यासाठी पुढे गेला असता तर मला त्याचा तिरस्कार करता आला असता, तो सोपा होता. हा नुसता घाबरला. पोर पांघरुणात डोकं घालतं तसा घाबरला, आणि तेवढ्यात माझा भाऊ गेला. ह्याचं मी काय करायचं होतं?

"आईला तुम्ही सांगायचं," मी म्हणाले. "मी सांगणार नाही. आणि तिने परत विचारलं तर तुमच्या वतीने उत्तरही देणार नाही."

त्यांनी होकाराची मान हलवली. मी चालायला लागले. गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले, कारण मागे इंजिनाचा आवाज आला नाही. येणार कसा? घरापर्यंत सगळी वळणंच होती आणि पाटावर कोणी नसेल तर ती गाडी वळत नाही. ते माझ्या मागे आले नाहीत, मला हाक मारली नाही. तिथेच गाडीवर गुडघे टेकून बसले होते, चावी न फिरवता. ते मागे बघत नव्हते, पण मला माहीत होतं की ते माझ्या पावलांकडे कान लावून आहेत.

मी परत गेले. पाटावर पालथी पडले आणि दोन्ही मुठी धरल्या. घरापर्यंत प्रत्येक वळणाला अंग झोकलं, नीट, जमेल तेवढं बाहेर. त्यांच्यासाठी नाही. धाकट्याने ते काम कधी अर्धवट केलं नव्हतं.

आई मागच्या दारात शेंगा सोलत बसली होती. हेल्मेट हातात धरून हे तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, मला सांगितलं तसंच, शब्द न बदलता. आईचे हात मधेच थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"वेळ होता का?"

"हात उंच करण्यापुरता होता," हे म्हणाले.

तिने मान डोलावली आणि पुढची शेंग घेतली. त्या दिवशी ती जेवली, रोजच्यासारखी, थोडंसं. संध्याकाळी भाजी निवडली. मला काही विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला. कप घेऊन गॅरेजात गेली. मी खिडकीतून बघत होते, जिथे भिंतीचा हिरवा रंग संपतो तिथून. हे गाडीपाशी वाकून काहीतरी आवळत होते. तिला बघून उठले आणि सवयीने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे बघितलं. मग वाकली, कप पाटावर ठेवला, पालथं पडल्यावर धाकट्याची छाती यायची त्या जागी, आणि घरात निघून आली.

दुपारी मी तो उचलायला गेले. चहा काठोकाठ होता आणि वर साय धरली होती.