नावाआधीचं वाक्य

मी एक जुनी लेखणी आहे, हंसाच्या पिसाची. टोक इतक्या वेळा तासलंय की आता मी जेमतेम बोटभर उरले आहे. मित्रांनो, हसू नका. ज्यूंच्या प्रार्थनाघरात वाचायची हिब्रू धर्मग्रंथाची गुंडाळी मी लिहिली आहे.

त्या गुंडाळीत देवाचं चार अक्षरी नाव पानोपानी येतं, पण ते कोणी उच्चारत नाही. प्रार्थनेत त्या जागी ‘अदोनाय’ म्हणतात, म्हणजे माझा प्रभू. घरच्या गप्पांत नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. एकदा लिहिलेलं ते नाव खोडता येत नाही. आणि लिहिण्याआधी लेखनिकाने दर वेळी मोठ्याने म्हणायचं, ‘नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो.’ न म्हणता लिहिलं, तर ते पान बदलेपर्यंत गुंडाळी प्रार्थनेला चालत नाही.

माझा लेखनिक कधी चुकला नव्हता. एका दुपारी मात्र भावाशी झालेलं भांडण त्याच्या डोक्यात घोळत होतं. तो गप्पच राहिला आणि मी नाव लिहून मोकळी झाले. एरवी त्या अक्षरांवर मी जड होते. त्या दिवशी अगदी हलकी चालले, आणि मला भीती वाटली. चूक त्याच्याही लक्षात आली. पण अक्षरं सुबक होती, गुंडाळी दुसऱ्या दिवशी द्यायची होती, आणि कोणाला काय कळणार होतं? पान वाळत ठेवून तो अंगणात हात धुवायला गेला.

थोड्या वेळाने त्याची बायको दारात आली. खोलीत मी एकटीच होते. तेवढ्यात आवाज आला, हुबेहूब लेखनिकाचा, “नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो.” मग पुन्हा. मग पुन्हा.

ती मागे सरली, तर तो ओल्या हातांनी तिच्या पाठीशी उभा. तोही ऐकत होता.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “भिंतीपलीकडून मी रोज हे ऐकते. आज शेवटी शेवटी ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, माझंच लक्ष नसेल.”

“तुझं लक्ष होतं,” तो म्हणाला. “मीच म्हटलं नाही.”

आवाज तिथेच थांबला.

नाव खोडता येत नाही, म्हणून ते पान दफनभूमीत माणसासारखं पुरलं. प्रार्थनाघराला थांबावं लागलं, लोक कुरकुरले, आणि त्याने पान नव्याने लिहिलं. आता ते वाक्य म्हटल्यावर तो क्षणभर थांबतो आणि कान देऊन ऐकतो.

मित्रांनो, कोणाचंही नाव घ्याल ते मनापासून घ्या. तुम्ही गप्प राहिलात, तर जे म्हणायचं राहिलं, ते दुसरं कोणीतरी म्हणेल, आणि तुमच्याच आवाजात म्हणेल.