व्हर्नाचं होय

व्हर्ना गायगर अठ्ठावन्न वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि त्याचा तिला गर्व होता. तिच्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात गर्व हा खोट्याइतकाच वाईट. पण ज्या बाईला साधी अंगठी घालायची मुभा नाही, तिनं एवढा एक दागिना मनातल्या मनात मिरवला तर कुणाचं काय जातं?

हे लोक शपथ घेत नाहीत, अगदी कोर्टातसुद्धा नाही. बायबलवर हात ठेवून 'आता खरं सांगतो' म्हणायचं, म्हणजे एरवी थापा मारतो अशी कबुलीच की! तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही, विषय संपला. ओहायोच्या त्या भागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. डोक्यावर पांढऱ्या जाळीची टोपी घातलेल्या बाईनं काही सांगितलं, तर दुकानदारही पावती मागत नसे.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी मार्लिन बासिंगरनं वकिलाकडून आलेला कागद तिच्या टेबलावर ठेवला, तेव्हा हे दोन मिनिटांचं काम आहे असंच त्याला वाटलं. मार्लिन बासिंगर नूडल्सचा मालक. आजीच्या स्वयंपाकघरात सुरू झालेल्या धंद्यात आता सत्तर माणसं होती. तो आणि व्हर्ना चर्चच्या एकाच बाकावर बसून लहानाचे मोठे झालेले. गेली सव्वीस वर्षं ती त्याचं ऑफिस सांभाळत होती: पगार, रजा, आणि कामगारांच्या आजारपणाचा विमा.

"सही कर," तो म्हणाला. "गुरुवारी वकील न्यायला येतोय."

"आधी वाचते."

"वाच की. तू वाचतेस म्हणून तर मला कधी काही वाचावं लागलं नाही." आणि बाहीवरचं पीठ झटकत, हसत तो निघून गेला.

खटला सरकारविरुद्ध होता. नव्या कायद्यानं कामगारांच्या विम्यात संततिनियमनाची सगळी साधनं घालायची सक्ती केली होती. रोजच्या गोळ्यांना मार्लिनची ना नव्हती. त्याची हरकत होती तांबीला आणि संबंधानंतर दुसऱ्या दिवशी घ्यायच्या गोळीला. त्यांच्यामुळे नुकताच रुजलेला जीव जातो, असं तो मानायचा. डॉक्टर म्हणायचे, तसं काही नसतं. "डॉक्टरांनी लढाईलाही कधी नाही म्हटलं नाही," हे कधीही शस्त्र न धरणाऱ्या पंथातल्या मार्लिनचं त्यावर उत्तर. गेल्याच आठवड्यात कोर्टानं निकाल लागेपर्यंत सक्तीला स्थगिती दिली होती. आता सरकारी वकील विचारत होता, की आजवर तुमच्या विम्यात या गोष्टी होत्या का? त्याचं उत्तर कागदावर तयार होतं आणि खाली व्हर्नाचं नाव छापलेलं होतं. 'विम्याचं काम मी पाहते. या कारखान्याच्या विम्यात तांबी कधीही नव्हती. हे मी सत्य म्हणून सांगते.'

व्हर्नानं मधलं वाक्य पुन्हा वाचलं. कारण तांबी होती. दहा वर्षं होती, आणि फॉर्मवर तशी खूण तिनंच केली होती.

त्याचं असं झालं. पॅकिंगला डेनिस कॉर्विन नावाची बाई होती. मेनोनाइट नव्हे, कुठल्याच चर्चची नव्हे. रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्यांतली. चौथ्या बाळंतपणात तिच्या हृदयानं दगा दिला. फेब्रुवारीचं बर्फ पडलं होतं, ॲम्ब्युलन्स येईना. तेव्हा मार्लिननं स्वतः तिला पिठाच्या ट्रकमध्ये घालून क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिची पोरं महिनाभर बासिंगरांच्या टेबलावर जेवली. असा माणूस! डेनिस वाचली. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाहीस. गोळ्या नकोत, रक्ताच्या गुठळ्या होतील. ऑपरेशन नको, भूल सोसणार नाही. तांबी बसवून घे.

सावरून ऑक्टोबरात कामावर परतली, तेव्हा डेनिस डॉक्टरांची तशी चिठ्ठी घेऊन व्हर्नाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विम्याच्या नूतनीकरणाचेच दिवस होते. फॉर्मवर एक छोटी चौकट होती, आजवर रिकामी राहिलेली. व्हर्नानं तिच्यात खूण केली. मार्लिननं चीज खात खात, न वाचता सही केली. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दहा वर्षं गेली. कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मधल्या काळात आणखी नऊ-दहा बायका खालच्या आवाजात विचारून गेल्या. त्यांतल्या दोघी पांढऱ्या टोपीवाल्या होत्या.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डेनिस ऑफिसात आली ती हातात डबा घेऊनच.

"काय गं व्हर्ना, सगळं पॅकिंग म्हणतंय, मालक माझ्यावर कोर्टात गेलेत!"

"तुझ्यावर नाही. सरकारवर."

"हो का? सरकारला बसवायचीय होय तांबी?" डेनिस स्वतःच्याच विनोदावर खिदळली. मग व्हर्नाचा चेहरा बघून गप्प झाली. "ऐक ना. माझ्या तांबीला दहा वर्षं झाली, आता बदलायला हवी. पाच नोव्हेंबरची तारीख दिलीय. चालेल ना?"

"हृदयाचं काय म्हणाले डॉक्टर?"

"तेच जुनं. पुन्हा राहिलं तर शवपेटीचं माप देऊन ठेवा म्हणाले. म्हणजे तोंडानं नाही म्हणाले, शिकलेला माणूस आहे बिचारा. पण चेहरा तसाच केला."

"आणि रॉय?"

"माझा नवरा? दाताच्या डॉक्टरची सुई बघून घेरी येते त्याला! त्याला नेऊ ऑपरेशनला?" तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "चालेल ना, व्हर्ना? तू म्हणालीस चालेल, तर मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

"गुरुवारपर्यंत थांब," व्हर्ना म्हणाली.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. गोष्ट अगदी सोपी होती, आणि तेच वाईट होतं. सही केली तर कुणाला काही कळणार नव्हतं. नूतनीकरण एक नोव्हेंबरला होतं. नेहमीप्रमाणे ती खूण करणार, मार्लिन न वाचता सही करणार, आणि पाच तारखेला डेनिसचं काम होणार. खरं सांगितलं तर मार्लिन ती चौकट त्याच दिवशी खोडणार. कारखान्यातल्या पगारात ते काम पदरचे पैसे घालून करायचं, तर डेनिसच्या घरात महिनाभर चूल पेटायला नको.

तिला वडिलांची आठवण येत होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बंदूक धरायला नकार दिला होता. भरतीचा डॉक्टर भला होता. तो कानात म्हणाला, "तळपाय सपाट आहेत म्हण, आत्ता सोडतो तुला." वडील म्हणाले, "माझे पाय चांगले आहेत." मग चार वर्षं जंगलातल्या छावणीत झाडं लावत राहिले, आणि परत आल्यावर न्हाव्यानं केस कापायला नकार दिला. गायगरांच्या घरात कुणी सबब सांगू लागलं की आई एवढंच म्हणायची, "पाय चांगले आहेत ना?"

गुरुवारी सकाळी ती वकिलाचा कागद सही न करताच घेऊन मार्लिनच्या खोलीत गेली.

"यातलं मधलं वाक्य खरं नाही. तांबी आहे विम्यात. दहा वर्षं आहे."

मार्लिननं चष्मा काढला. "एजंटानं घोळ घातला?"

तो तिला वाट काढून देत होता, त्याच्या नकळत. व्हर्नाला त्याही वेळी ते जाणवलं.

"नाही. मी खूण केली. तू डेनिसला ट्रकमधून नेलंस ना, त्या वर्षी." तिनं जुना फॉर्म पुढे ठेवला. खाली त्याची सही होती, शेजारी बोटाचा तेलकट डाग.

त्यानं त्या डागावर अंगठा टेकवला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो! व्हर्ना, त्या ट्रकमध्ये मी रस्ताभर देवाला विनवत होतो, की हिला जगव. आणि इकडे तू माझ्याच हातून..."

"मीही तेच करत होते, मार्लिन. तिला जगवत होते."

त्याचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. नाटक येत असतं तर त्याच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. व्हर्नाला त्याची दया आली, आणि त्याच्या त्या स्वच्छ, मोठ्या हातांची चीडही आली. त्या हातांना आयुष्यात कधी कुणाच्या पाळीची तारीख मोजावी लागली नव्हती.

"कोर्टाला खरं तेच सांगू," तो म्हणाला. "होतं, कळल्यावर काढलं, असं. तू एजंटाला पत्र लिही. एक तारखेपासून बंद."

"एक महिना थांब."

"का?"

"ते गुपित माझं नाही, मला सांगता येणार नाही."

"मग मलाही थांबता येणार नाही. माहीत नव्हतं तोवर ती चूक होती. आता एक दिवस जास्त ठेवलं तर ते पाप." त्यानं कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "लिही."

"नाही," व्हर्ना म्हणाली.

सव्वीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत तिच्या तोंडून निघाला नव्हता. मार्लिननं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पेन स्वतः उचललं. दोन ओळी लिहायला त्याला दहा मिनिटं लागली. सही केली, कागद हातात घेतला, आणि मग तो तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांत विम्याचा कागद कुठे जातो, हे त्याला कधी कळून घ्यावंच लागलं नव्हतं.

"फॅक्स कुठल्या नंबरला करायचा?"

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. व्हर्नानं नंबर सांगितला. बरोबर नंबर सांगितला.

डेनिसला तिनं पॅकिंगच्या दाराशी गाठलं आणि सगळं सांगितलं. डेनिसनं केस झाकायची कारखान्याची जाळी डोक्यावरून काढून मुठीत चुरगाळली.

"म्हणजे तू सही केली असतीस तर पाच तारखेला माझं काम झालं असतं?"

"झालं असतं."

"आणि कुणालाही कळलं नसतं."

"नाही."

"माझ्यासाठी एक खोटं बोलली असतीस, व्हर्ना, तर तुझा देव काय उपाशी मेला असता?"

"पैसे मी भरते," व्हर्ना म्हणाली. "माझ्याकडे शिल्लक आहेत, मला कुणाला विचारावं लागत..."

"भीक नको मला! तो विमा माझ्या पगारातला होता. बारा वर्षं उभी राहून पाय सुजवलेत मी त्याच्यासाठी. मालकाचा हात, मालकाचा आत्मा, तुझं खरं. सगळ्यांचं सगळं स्वच्छ राहिलं गं. माझंच तेवढं उरलं." तिनं जाळी पुन्हा डोक्यावर ओढली आणि ती आत गेली.

ऑफिसात परत येऊन व्हर्नानं दार लावून घेतलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि खरं बोलल्याची लाज वाटावी याची आणखी वेगळी लाज वाटत होती. मग तिनं फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. कारखान्यातून विम्याचं काम बघणारी गायगर बोलतेय, ती म्हणाली. डेनिस कॉर्विनची पाच तारखेची वेळ महिना संपायच्या आत घेता येईल का?

पलीकडच्या मुलीनं पानं चाळल्याचा आवाज आला. "नाही हो. एकतीसपर्यंत एकही जागा रिकामी नाही."

"काहीच नाही?"

"तातडीचं असेल तर डॉक्टर उद्या सकाळी आठला बघतील. त्याच वेळी जुनी काढून नवीही बसवतात. पण मग तसं काही हवं. रक्तस्राव होतोय का त्यांना?"

ऑफिसच्या काचेतून पॅकिंग दिसत होतं. डेनिस नूडल्सच्या पिशव्या खोक्यात दाणदाण आदळत होती. तिला काही झालेलं नव्हतं.

माझे पाय चांगले आहेत, वडील म्हणाले होते. व्हर्नानं ती गोष्ट हजारदा ऐकली होती, पण ते पाय त्यांचे स्वतःचे होते, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

"हॅलो? ऐकताय ना? रक्त जातंय का त्यांना?"

"होय," व्हर्ना म्हणाली.

तिला वाटलं, आता ही मुलगी खोदून विचारेल. कधीपासून, किती, तुम्हाला कसं माहीत. पुढचं काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. तिला सवयच नव्हती.

"गायगर म्हणजे तुम्ही मेनोनाइट मंडळींतल्या ना?" मुलगी म्हणाली. "मग काही विचारायला नको. उद्या आठ वाजता पाठवा त्यांना."