गॅरेजमधले दोन कॅन

गॅरेजमध्ये काहीतरी ‘डब्’ करून वाजलं.

दोन्ही मुलं एकाच वेळी झोपली होती. आमच्या घरात हा योग क्वचितच येतो. मी कॉफीचा कप हातातच धरून बसले होते, टेबलावर ठेवला तर आवाज होईल म्हणून. पुन्हा ‘डब्’. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. पेट्रोल भरलेला प्लास्टिकचा कॅन उन्हात तापला की फुगतो आणि त्याचं पोट असं फटकन बाहेर येतं.

पण कॅन घरात असायलाच नको होते.

स्वयंपाकघराच्या दारातून मी गॅरेजमध्ये गेले. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात दोन लाल कॅन शेजारीशेजारी बसलेले, गळ्यापर्यंत भरलेले. एकावर नरसाळं आडवं ठेवलेलं. माझ्या नवऱ्यानं, रॅन्सनं, रात्री सगळं तयार मांडून ठेवलं होतं, आणि पहाटे तो बोट घेऊन तसाच स्पर्धेला गेला होता.

आमच्या या टेक्ससच्या पूर्व टोकाला बास मासे धरायच्या स्पर्धा म्हणजे नवऱ्यांचा दुसरा संसार. मासे सापडायची आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. आदल्या संध्याकाळी तलावाजवळच्या पंपावर बोटींची रांग लागते आणि जो तो दुसऱ्याच्या मीटरकडे तिरप्या नजरेनं बघतो. टाकी काठोकाठ भरली, तर हा लांब जाणार. निम्मी भरली, तर जवळपासच राहणार, कारण उगाच जड टाकी वाहून वेग कोण घालवेल? मागच्या वर्षी रॅन्सनं टाकी पूर्ण भरली आणि सकाळी तीन बोटी त्याच्या शेपटाला लागल्या. म्हणून या वेळी त्यानं सगळ्यांदेखत निम्मीच भरली आणि वर ओरडून सांगितलं, “बाबांनो, मी आता म्हातारा झालो, पुलापाशीच पडून राहणार!” उरलेलं पेट्रोल त्यानं दुसऱ्या गावाहून या कॅनमधून आणलं. ते पहाटे घरीच टाकीत ओतायचं होतं.

का ओतलं नाही, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. बोट अंगणात, कॅन आत, स्वयंपाकघरातून पेट्रोल न्यायला माझी मनाई, आणि आमच्या गॅरेजचं मोठं दार उघडताना असं किंचाळतं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. बरोबर त्याच्यावर मुलांची खोली. धाकटा बो, दात येतायत म्हणून, तीन रात्री झोपला नव्हता, म्हणजे मीही नाही. पहाटे रॅन्स माझ्या कानाशी वाकून म्हणाला होता, “तू झोप. मी चाळीसनंच चालवीन, पुरेल.” मी झोपेतच ‘हं’ म्हटलं. चालू इंजिनाचाही आवाज नको म्हणून त्यानं ट्रक उताराला तसाच सोडला आणि मागे बोट घेऊन तो हळूच खाली गेला.

चाळीस. तो आकडा कुठला, ते मला माहीत होतं. थोरली जूनी पोटात असताना नवा पंखा बसवून तो बोट तपासत होता आणि मी शेजारी बसून, पोटावर हात ठेवून, मोठ्यानं आकडे वाचत होते. पूर्ण ताकदीला गॅलनमागे साडेतीन मैल. ताशी चाळीसला पाच. “बघ, इथे ती सगळ्यात समजूतदार असते,” तो म्हणाला होता. मी म्हटलं, मग अजून हळू चालव, अजून वाचेल. तो हसला. त्यानं वेग इतका कमी केला की बोटीचं नाक आभाळाला लागलं आणि मागचा भाग पाण्यात रुतून नांगरल्यासारखा चालायला लागला. गॅलनमागे दोन मैलसुद्धा नाहीत. “हळू म्हणजे स्वस्त असं नसतं, डेला. लाटांत सापडलं की मात्र असंच चालवावं लागतं.”

मी हे आठवतच होते, तेवढ्यात उन्हाचा पट्टा पुसला गेला. बाहेर वारं पडलं होतं. उत्तरेला आभाळाच्या तळाशी गडद निळी रेघ उठली होती. इथल्या माणसाला ती रेघ दाखवून द्यावी लागत नाही. पाच मिनिटांत नॉर्दर, उत्तरेकडचं ते गार वादळी वारं, आला. अंगणातली जूनीची तिचाकी आपोआप कुंपणापर्यंत धावत गेली.

मी भावाला, हॉलिसला, फोन लावला. तो आणि रॅन्स नेहमी जोडीनं जातात. या वेळी हॉलिसची दाढ काढलेली, म्हणून तो घरी.

“काय गं,” तो सुजलेल्या गालातून बोलला, “दादाची दया आली वाटतं? पुडिंग पाठव, चावता येत नाही.”

“रॅन्स कुठे गेलाय?”

“मासे धरायला.”

“हॉलिस, कुठे?”

“ते विचारायचं नसतं. तुला सांगितलं तर तू तुझ्या मैत्रिणीला सांगशील, ती नवऱ्याला. तो आधीच आमच्या मागावर असतो.”

“कॅन घरीच आहेत.”

“कसले?”

“दोन्ही. भरलेले. तो निम्म्या टाकीवर गेलाय.”

“निम्म्या?” हॉलिसनं एवढंच विचारलं. माझा भाऊ झोपेतही बडबडतो. त्याचा तो एकच शब्द मला वाऱ्यापेक्षा वाईट वाटला.

“म्हणाला, चाळीसनं चालवीन,” मी म्हटलं.

“स्पर्धेच्या सकाळी चाळीसनं जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय, डेला.” मग तो भराभर बोलायला लागला. “दक्षिणेला, लुइझियानाच्या बाजूला. पाण्यात जुनं जंगल उभं आहे ना, त्याच्याही पलीकडच्या खाडीत. पस्तीस मैल. जाताना पाणी काचेसारखं, त्यानं इंजिन पूर्ण ताकदीला चालवलं असणार. येताना हे वारं सरळ तोंडावर.”

पुढचा हिशेब आम्ही दोघांनी मनातच केला. टाकीवर पन्नास गॅलन लिहिलंय, पण हाती पंचेचाळीसच येतात. नळी तळाला पोचत नाही. त्याचे निम्मे. त्यातून जायचा खर्च काढला आणि उरलेल्यात नांगरत परत यायचं म्हटलं, तर तो तलावाच्या ऐन मध्यावर येत होता, जिथे दोन्ही किनारे दिसत नाहीत. पुढची बॅटरीवरची छोटी मोटर अशा वाऱ्यात काही कामाची नाही. इंजिन गप्प झालं की बोट आडवी होते, आणि या बोटींचा मागचा काठ पाण्यापासून वीतभरच वर असतो.

“धक्क्यावर फोन कर,” हॉलिस म्हणाला. “मी निघालो. कॅन घेतो आणि रस्त्यानं वळसा घालून दक्षिणेच्या किनाऱ्यावर जातो. तिथे आमच्या ओळखीच्या ओझीची बोट आहे, ती काढतो.”

धक्क्यावर माशांच्या वजनकाट्याशी व्हर्जिल असतो. धक्का आमच्या उत्तरेला, तिथे नॉर्दर आमच्या आधीच पोचला होता. त्याच्या फोनमध्ये वाराच जास्त ऐकू येत होता.

“रॅन्स ना? घाबरू नकोस, पोरी,” तो ओरडला. “तो इथेच पुलापाशी आहे. काल पंपावर सगळ्यांनी बघितलं की. तलावावर गस्त घालणाऱ्या वॉर्डनची बोट तिकडेच अडकलेल्यांना शोधतेय.”

“तो पुलापाशी नाहीये!”

“अगं, स्वतः म्हणाला तो!”

“खोटं बोलला तो, व्हर्जिल. तुम्ही सगळे बोलता तसं.”

मी जागा सांगितली. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं गुपित मी भर धक्क्यावर, व्हर्जिलच्या फोनच्या स्पीकरवरून सांगितलं. पलीकडे कुणीतरी शिवी हासडली, पण हळू आवाजात, जशी चर्चच्या दारात हासडतात तशी.

“दक्षिणेला?” व्हर्जिल म्हणाला. “मधल्या पाण्यातून आत्ताच दोन बोटी पाण्यानं अर्ध्या भरून परत आल्यात.” मग म्हणाला, “सांगतो वॉर्डनला. पण तो उलट दिशेला गेलाय, दक्षिणेला पोचायला तासभर तरी लागेल.”

रॅन्सचा फोन लागत नव्हता. त्या खाडीत कधीच लागत नाही. त्याला ती जागा आवडण्याचं तेही एक कारण असणार.

हॉलिस आला, गालाला फडकं बांधून. एरवी मी हसले असते. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. गॅरेजच्या मोठ्या दाराला दोन्ही हात घातले आणि वर ओढलं. दार किंचाळलं. शेजारचं कुत्रं भुंकलं. वर बो रडायला लागला.

कॅन आता गार पडले होते, पोटं आत गेलेली. हॉलिसनं ते ट्रकमध्ये टाकले, नरसाळंही घेतलं. “फोन जवळ ठेव,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मी बाळाला खाली आणलं. रडून रडून त्याचं डोकं घामेजलं होतं. ते मानेशी धरून मी उघड्या दारात उभी राहिले. दार लावून घ्यायचं सुचलंच नाही. वारं सरळ आत येत होतं आणि जिथे कॅन होते तिथल्या धुळीत दोन चौकोन उरले होते.

जूनी अनवाणी आली. पाचवं लागलंय तिला. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग त्या दोन चौकोनांकडे.

“हॉलिसमामानं मोठ्यानं उघडलं,” ती म्हणाली.

“हो, सोन्या.”

“डॅडी हळू गेले. मी खिडकीतून हात केला तर डॅडींनी असं केलं.” तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मोठे केले, अगदी रॅन्ससारखे.

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. फोन खिशात होता, गप्प.

“मम्मी,” जूनी म्हणाली, “मी तर जागीच होते. मग डॅडींनी दार का नाही उघडलं?”